श्राव्य इतिहास आणि त्याचे डावे टीकाकार

गेल्या आठ-दहा वर्षांत मराठी सुशिक्षितांच्या करमणुकींत एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. राजकीय इतिहास आतां वाचावाच लागतो असें नाहीं. तो ऐकतां येतो. कानांत एक लहानसें यंत्र बसविलें कीं यशवंतराव चव्हाणांच्या दिल्लीगमनापासून कालपरवांच्या पक्षफुटीपर्यंत सारें कांहीं चालतां-बोलतां, भाजी निवडतां-निवडतां कानांवर पडतें. या प्रकारास पॉडकास्ट म्हणतात. हें नांव आतां इतकें रुळलें आहे कीं त्यास संस्कृत प्रतिशब्द घडविण्याच्या खटपटींत आम्ही पडत नाहीं. ज्या घरांत दहा वर्षांत इतिहासाचें एकहि पुस्तक विकत आलें नाहीं त्या घरांतील तरुण, आणि तरुणांचे वडीलहि, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आणि १९७५ ची आणीबाणी यांवर अधिकारवाणीनें बोलूं लागले आहेत. ही गोष्ट इष्ट कीं अनिष्ट, एवढाच आजचा आमचा प्रश्न आहे.

प्रश्न आमच्या मनांत उठला तो एका मित्रामुळें. हे गृहस्थ धुळ्याचे. उभें आयुष्य डाव्या चळवळींत गेलेलें. वाचन मोठें आणि राग त्याहून मोठा. त्यांनीं या श्राव्य कार्यक्रमांवर एक सडेतोड टिपण लिहून आमच्याकडे अभिप्रायार्थ धाडलें. त्यांचा आक्षेप थोडक्यांत असा: हे कार्यक्रम उथळ आहेत, त्यांत इतिहास म्हणजे पांच-पन्नास पुढाऱ्यांच्या रुसव्या-फुगव्यांची हकीकत होऊन बसते, जमीन कोणाची, मजुरी किती, कर कोणी भरला, या गोष्टींना तेथें थारा नसतो, आणि 'आम्ही कोणाचीच बाजू घेत नाहीं' असें म्हणत म्हणत ते असलेल्या सत्तेचीच बाजू घेतात. अशाच अर्थाची टीका दुसऱ्याहि डाव्या लेखकांच्या तोंडून आम्हीं ऐकली आहे. ती निम्मी खरी आहे असें आमचें मत झालें. मात्र कोणतें निम्में खरें, हें सांगण्यास थोडा विस्तार करावा लागेल.

टिपण हातीं आलें त्याच सुमारास जळगांवाहून धुळ्यास जाण्याचा प्रसंग आला, तेव्हां आम्हीं असा एक कार्यक्रम आरंभापासून अखेरपर्यंत ऐकून घेतला. एप्रिलचा महिना, एस.टी.ची खिडकी उघडावी तर झळा येतात आणि लावावी तर जीव गुदमरतो, अशा स्थितींत दोन घटका मन रमलें, हें कृतज्ञतापूर्वक कबूल केलें पाहिजे. विषय होता १९७८ च्या जुलैंत वसंतदादा पाटलांचें सरकार कसें पडलें आणि शरद पवार वयाच्या अडतिसाव्या वर्षीं मुख्यमंत्री कसे झाले, हा. सांगणाऱ्याची वाणी रसाळ होती. कोण कोणाच्या घरीं रात्रीं गेला, कोणाला शेवटपर्यंत कल्पना नव्हती, कोणाच्या डोळ्यांत पाणी आलें, हें सारें त्यानें असें सांगितलें कीं पाळधी केव्हां मागें पडलें आणि एरंडोल केव्हां आलें तें आम्हांस कळलें नाहीं. पारोळें जवळ आलें तेव्हां कथा संपली. तिच्यांत नव्हती ती एकच गोष्ट: सत्तेवर आल्यावर त्या सरकारनें केलें काय?

आमच्या मित्राचा आक्षेप येथें तंतोतंत लागू पडतो. रोजगार हमीचा कायदा विधिमंडळानें १९७७ सालीं केला आणि तो अंमलांत आला २६ जानेवारी १९७९ रोजीं, म्हणजे ज्या सत्तांतराची कथा आम्हीं ऐकली त्याच सरकारच्या अमदानींत. खेड्यांतील जो कोणी प्रौढ मनुष्य अंगमेहनतीचें काम मागेल त्यास तें देणें हें सरकारचें कर्तव्य, असें या कायद्यानें ठरविलें. त्याच्या मागें १९७२ च्या दुष्काळांतील खडी फोडणाऱ्या लाखों हातांची आठवण होती, वि. स. पागे यांच्यासारख्या माणसाची चिकाटी होती, आणि ठिकठिकाणच्या मजुरांचे मोर्चे होते. पुढें २००५ सालीं केंद्रानें ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हां महाराष्ट्राचाच कित्ता त्याच्या समोर होता. आणि आमच्या वाचकांपैकीं जे पगारदार आहेत त्यांना आणखी एक गोष्ट सांगूं: आपल्या पगारांतून दरमहा दोनशे आणि फेब्रुवारींत तीनशे रुपये 'व्यवसाय कर' म्हणून कापले जातात, तो कर १९७५ सालीं या रोजगार हमीच्या खर्चासाठींच बसविण्यांत आला. शहरानें खेड्याच्या मजुरीसाठीं कर भरावा, हा विचार एका राज्यानें कायद्यांत उतरविला, आणि आमच्या श्राव्य इतिहासकाराला त्यावर एक वाक्य खर्चावेंसें वाटलें नाहीं! रात्रीं कोणाची मोटार कोणाच्या दारीं उभी होती, यावर मात्र दहा मिनिटें.

पण हें वगळणें कोणाच्या कारस्थानानें घडतें, असें जें आमच्या मित्रानें सुचविलें आहे तें आम्हांस पटत नाहीं. कारण साधें आहे. विश्वासघाताला नायक आणि खलनायक असतात. कायद्याला कलमें असतात. नुसत्या आवाजानें श्रोत्याला तासभर धरून ठेवावयाचें, मध्यें जाहिरातीहि ऐकवावयाच्या, तर कलमें कामास येत नाहींत. ही अडचण कीर्तनकारालाहि होती. त्यानें ती पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग करून सोडविली: आधीं निरूपण, मग आख्यान. आमच्या नव्या कथेकऱ्यांनीं पूर्वरंग गाळून टाकला आहे, एवढाच त्यांचा अपराध; तो लहान नाहीं, पण तो आळसाचा आहे, कटाचा नाहीं.

आतां ज्या एरंडोलावरून आम्ही कानांत यंत्र घालून गेलों तेथली गोष्ट. १८१८ सालीं खानदेश इंग्रजांकडे आला आणि १८५२ सालीं येथें जमिनीची नवी मोजणी सुरू झाली. सांखळी घेऊन आलेल्या कामगारांस शेतकऱ्यांनीं अडविलें. सावदा-फैजपुराकडे आणि एरंडोलास जमाव जमले, सरकारी अंमलदारांचें कोणी ऐकेना, आणि शेवटीं फौज आणून म्होरक्यांना पकडावें लागलें. सत्तावन्नच्या पांच वर्षें आधींची ही हकीकत आहे. तिच्यांत राजा नाहीं, राणी नाहीं, तलवार नाहीं. आहे ती सांखळी, बिघे आणि सारा. म्हणूनच ती ऐकविण्यास कोणी धजत नसावा. आमच्या तासांना येणाऱ्या मुलांपैकीं, यावल-रावेरच्या मुलांपैकींहि, एकालाहि ती ठाऊक नव्हती. त्यांना सेनापतींची नांवें पाठ आहेत. आपल्या सातबाऱ्याची कुळकथा ठाऊक नाहीं.

त्याच फैजपुरांत चौऱ्याऐंशी वर्षांनीं काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें हें पहिलें अधिवेशन, डिसेंबर १९३६. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. याविषयीं बोलणारे श्राव्य कार्यक्रम आम्हीं मुद्दाम शोधून ऐकले. नंदलाल बोस यांनीं बांबू आणि तट्ट्यांनीं सजविलेलें तिलकनगर त्यांत असतें, गांधींचें खेड्यांविषयींचें प्रेम असतें, साने गुरुजींची धडपड असते, गर्दीचें वर्णन असतें. हें सारें खरें आहे आणि गोडहि आहे. पण त्याच वेळीं त्याच फैजपुरांत अखिल भारतीय किसान सभेचेंहि अधिवेशन भरलें होतें, आणि त्यासाठीं पांचशेंवर शेतकरी मनमाडाहून दोनशें मैल पायीं चालत, वाटेंतल्या गांवांना आपलें म्हणणें सांगत आले होते. त्यांच्या स्वागतास नेहरू, शंकरराव देव, मानवेंद्रनाथ रॉय, श्रीपाद अमृत डांगे अशीं एकमेकांशीं न पटणारीं माणसें एकत्र उभीं होतीं, ही गोष्ट त्यांत नसते. काँग्रेसनें तेथें जो शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला त्याचें तर नांवहि नसतें. खंड आणि सारा कमी करावा, न परवडणाऱ्या लहान जमिनींस सूट द्यावी, कर्जाचा बोजा उतरवावा, वेठ बंद करावी, कुळांस कायम हक्क द्यावा, आणि शेतमजुरास पोटापुरती मजुरी कायद्यानें मिळावी, अशीं त्यांत कलमें होतीं.

हें शेवटचें कलम पाहून आम्ही थबकलों, कारण आमच्या डाव्या मित्राच्या टिपणांतहि तें नाहीं! फैजपुराविषयीं त्यांनीं लिहिलें आहे, आवेशानें लिहिलें आहे; 'शेतकरी वर्गाचें जागरण' असा शब्द योजिला आहे. परंतु खानदेशांत ज्याला आपण शेतकरी म्हणतों त्याच्या खळ्यावर सालदार असतो. अक्षयतृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, त्याच्या सालाचा बोल होतो. केळीच्या बागाइतदाराचें जागरण आणि सालदाराचें जागरण हीं एकच कशीं? मनमाडाहून चालत आलेल्यांत कोण किती होते? हा प्रश्न डाव्या लेखकानें नाहीं विचारावयाचा तर कोणीं? आमच्या मित्राला त्याची गरज भासली नाहीं, कारण 'शेतकरी वर्ग' हा शब्द हातीं येतांच त्यांचें काम संपलें होतें. बखरकारानें सर्व कर्तृत्व राजाच्या पदरीं घालावें आणि यांनीं सर्व कर्तृत्व वर्गाच्या पदरीं घालावें. दोहोंकडे माणसें दिसेनाशीं होतात तीं सारखींच. टीकेचें जें निम्में आम्हांस मान्य नाहीं तें हें. उथळपणा म्हणजे पुढाऱ्यांविषयीं बोलणें नव्हे. उत्तर आधींच ठरवून प्रश्न न विचारणें हा उथळपणा आहे, आणि तो उजव्या-डाव्या दोन्ही हातांनीं करतां येतो.

वर्गाच्या एका किल्लीनें हिंदुस्थानचें कुलूप उघडत नाहीं, हें आमच्या मित्रास त्यांच्याच गांवच्या माणसानें सांगून ठेवलें आहे. कॉम्रेड शरद पाटील धुळ्याचे. जातीच्या प्रश्नावर मार्क्सवादी पक्षाशीं फारकत घेऊन त्यांनीं १९७८ सालीं सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला आणि 'दास-शूद्रांची गुलामगिरी' सारखा ग्रंथ लिहिला. (तेंच १९७८ साल, एस.टी.त ऐकलेल्या कथेला हेंहि ठाऊक नव्हतें.) त्यांचीं सर्व अनुमानें आम्हांस मान्य आहेत असें नाहीं; व्युत्पत्तीच्या धाग्यावर ते कधीं कधीं फार मोठें ओझें टांगतात. पण पाणिनीच्या सूत्रापासून आदिवासींच्या गहाण पडलेल्या जमिनीपर्यंत एका दमांत विचार करणारा दुसरा माणूस आमच्या पाहण्यांत नाहीं. दुर्दैव असें कीं त्यांचें गद्य वाचणें हें शहाद्याच्या उन्हांत नांगर धरण्यासारखें आहे. २०१४ सालीं ते वारले; त्यांच्या ग्रंथांवर धुळ्याच्या रिक्षावाल्यास कळेल असें अर्ध्या तासाचें बोलणें कोणा डाव्या वक्त्यानें केलेलें निदान आम्हीं तरी ऐकलेलें नाहीं. मग रिक्षावाला जें मिळेल तें ऐकतो. त्याला दोष कां द्यावा?

शहाद्याचा उल्लेख आला म्हणून सांगतों. १९७२ सालीं तेथें श्रमिक संघटना निघाली, अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे कार्यकर्ते भिल्लांच्या गेलेल्या जमिनींसाठीं उभे राहिले, आणि आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्रानें १९७४ सालीं केला. तो भाग तेव्हां धुळें जिल्ह्यांत होता. नंदुरबार जिल्हा १९९८ चा. त्या बाजूची एक विद्यार्थिनी गेल्या वर्षीं आमच्या वर्गांत होती. तिच्यामुळें आमचीच एकदां चांगली फजिती झाली. ती येथें सांगणें प्राप्त आहे, नाहीं तर वरचा सारा उपदेश दुसऱ्यांना केल्यासारखा होईल.

विषय होता चिमठाण्याच्या खजिन्याचा. १४ एप्रिल १९४४ रोजीं धुळ्याहून नंदुरबारकडे मोटारीनें जाणारा साडेपांच लाखांचा सरकारी खजिना शिंदखेडें तालुक्यांत चिमठाण्याजवळ भूमिगत क्रांतिकारकांनीं लुटला. सातारच्या प्रतिसरकारचे जी. डी. लाड व नागनाथ नायकवडी त्यांत होते, खानदेशचे डॉ. उत्तमराव पाटील होते. प्रसंगच असा कीं बोलणाऱ्याला स्फुरण चढावें. आम्हांलाहि चढलें, आणि मोटार अडविल्यावर शिपाई काय म्हणाला, त्यावर क्रांतिकारकानें काय उत्तर दिलें, तें आम्हीं आवाज बदलून वर्गाला ऐकविलें. तास संपल्यावर ती मुलगी पुढें आली आणि नम्रपणें म्हणाली, "सर, तें बोलणें कोणीं लिहून ठेवलेलें?" आम्ही गप्प. तें बोलणें आम्हीं कोठें वाचलें नव्हतें. आदल्या आठवड्यांत फिरावयास जातांना ऐकलें होतें. घरीं येऊन जवळचीं पुस्तकें चाळलीं. त्यांत तो संवाद मिळाला नाहीं. दुसऱ्या दिवशीं वर्गांत तसें सांगितलें. तिच्या प्रश्नानें आमचे दुसरेहि प्रश्न जागे झाले: सातारच्या माणसांना पैशासाठीं इतक्या दूर खानदेशांत कां यावें लागलें? त्या रात्रीं त्यांना आसरा कोणत्या वस्तीनें दिला, आणि मागून पोलिस आले तेव्हां त्या वस्तीचें काय झालें? आपल्या बाजूच्या मुलीला हे प्रश्न सहज सुचतात. आम्हांला मात्र संवाद सुचला होता.

हें ज्या गांवीं घडावें तें गांव धुळें असावें, यांत एक उपहास आहे. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं याच गांवीं वारले आणि त्यांच्या दप्तरांसाठीं पुढच्याच वर्षीं येथें राजवाडे संशोधन मंडळ उभें राहिलें. १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या ग्रंथमालेचा पहिला खंड काढल्यापासून बावीस खंडांपर्यंत त्यांनीं जो हट्ट धरला तो हाच कीं बखरींत रंगवून सांगितलेल्या गोष्टीपेक्षां त्या वेळचा अस्सल कागद श्रेष्ठ. बखरी आंधळेपणानें मानूं नका, असें सांगतां सांगतां त्यांनीं पायपीट करून गांवोगांवचीं दप्तरें धुंडाळलीं. आज त्यांच्याच गांवांत, त्यांच्या मंडळापासून हांकेच्या अंतरावर, आम्ही नव्या बखरी ऐकतों आणि वर्गांत पुन्हा सांगतों. श्राव्य इतिहासाचा खरा दोष आम्हांस येथें दिसतो. पुस्तक खोटें असलें तरी पान उलटून 'हें कशावरून?' असें त्यास विचारतां येतें. बोलणारा थांबत नाहीं, आणि आपण कोठून घेतलें तें बहुधा सांगतहि नाहीं.

पण म्हणून बोलण्याचा प्रकारच हलका, असें आमचे डावे मित्र सुचवितात तें सर्वथा चूक आहे. पुन्हा धुळेंच पाहा. १९३२ सालीं येथल्या तुरुंगांत २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारीं विनोबांनीं कैद्यांपुढें गीतेवर अठरा प्रवचनें केलीं. श्रोत्यांत खुनी होते, चोर होते, सत्याग्रही होते. साने गुरुजींनीं तीं जशींच्या तशीं उतरून घेतलीं म्हणून तीं आज देशांतल्या नाना भाषांत वाचलीं जातात. तीं सोपीं आहेत. उथळ आहेत असें कोणी म्हणेल काय? डाव्यांचेंच उदाहरण हवें असेल तर गोविंद पानसरे यांचें 'शिवाजी कोण होता?' घ्या. मूळ एक व्याख्यान. १९८८ सालीं त्याची लहानशी पुस्तिका झाली आणि तिच्या लाखावर प्रती खपल्या. रयतेच्या भाजीच्या देंठासहि हात न लावण्याचा शिवाजीचा दंडक, वतनदारांवरचा वचक, त्याच्या चाकरींतले मुसलमान, हें सारें पानसऱ्यांनीं बैठकींत बोलावें तसें सांगितलें, आणि सांगतांना कागद कोणता तेंहि सांगितलें. १६ फेब्रुवारी २०१५ रोजीं कोल्हापुरांत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनीं ते गेले. बोलक्या, सोप्या इतिहासाला धार नसते, असें ज्यांना वाटतें त्यांनीं तरी ही घटना विसरूं नये. त्याहि मागें जावयाचें तर १८६९ सालीं जोतीराव फुल्यांनीं शिवाजीवर लिहिलें तें पवाड्याच्या रूपानें, डफावर म्हणण्यासाठीं.

तेव्हां आमच्या मित्रास आम्हीं जें उत्तर धाडलें तें असें: आपला राग योग्य, पण आपण तक्रार चुकीच्या दारीं नेली आहे. श्रोता मूर्ख नाहीं; तासभर मराठी ऐकण्याइतका धीर त्याच्यांत आहे, आणि आमच्या वर्गांत तो धीर पंचेचाळीस मिनिटेंहि टिकत नाहीं. त्याच्यापुढें फैजपूरचीं कलमें आपणच कां वाचून दाखवीत नाहीं? सालदाराचें कलमहि वाचा, आणि त्याचें पुढें काय झालें तें सांगा, आपल्या पक्षाला तें कितीहि अडचणीचें असो. यंत्राची व्यवस्था आमचा भाचा पाहील. त्याला त्यांतलें सारें कळतें आणि इतिहासांतलें कांहीं कळत नाहीं, म्हणून पहिला श्रोताहि तोच.

उत्तर यावयास पंधरा दिवस लागले. ते कबूल आहेत. कार्यक्रमाचा मूळ मसुदा त्यांनीं मिळविला आहे, मोजणीच्या दंग्यासाठीं जुनें गॅझेटियर मागवून घेतलें आहे, आणि राजवाडे मंडळांत दोन दिवस बसूनहि आले आहेत. फक्त चाळीस मिनिटांत एवढें सारें कसें मावणार, अशी त्यांची आतां आमच्याकडे तक्रार आहे.